कशासारखं ते नका सांगू

बिराजदार बाईंना मी पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं ते एका सत्काराच्या कार्यक्रमात. हारतुरे झाले होते, माईक मधूनमधून किंचाळत होता, आणि सरपंच भाषणात म्हणाले, "शाळा हे आपलं मंदिर आहे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. गणिताचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि टाळ्यांच्या बाबतीत कुणाच्या मागं राहत नव्हतो. शेजारच्या खुर्चीवर बाईंनी मात्र पदर मुठीत घट्ट धरला होता. मला वाटलं, चक्कर आली असेल. मी पाण्याची बाटली पुढं केली. त्या हळूच म्हणाल्या, "सर, आता पोरींचं संडास होत न्हाईत बगा."

मला काही कळलं नाही. मंदिराचा आणि संडासाचा संबंध काय? तो पुढच्या वर्षभरात कळला. गावानं शाळेसाठी वर्गणी काढली. मंदिर म्हटल्यावर काय काय लागतं ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. आधी कमान झाली, मग कमानीवर कळस, मग पितळेची घंटा. चपला बाहेर काढायचा नियम झाला आणि उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवरून मुलं पाय उचलत, नाचत वर्गात यायला लागली. संडासाचा विषय निघाला तेव्हा एक अगदी सज्जन गृहस्थ हात जोडून म्हणाले, "बाई, मंदिराच्या आवारात तसलं बरं दिसंल का?" वाईट हेतू कुणाचाच नव्हता. संडास शेवटी झाले, पण रस्त्याच्या पलीकडं. मुली उसाचे ट्रॅक्टर चुकवत तिकडं पळायच्या, आणि त्या परत येईपर्यंत बाई कमानीखाली उभ्या राहायच्या.

हे गाव सास्तूरपासून फार लांब नाही. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं, त्यामुळं रस्ते सरळ आणि घरं सगळी एकसारखी. सरकारनं भूकंपात न पडणारी पक्की घरं दिली, पण त्यांत राहायला गेलं सोयाबीन. माणसं पुढच्या अंगणात पत्र्याचं शेड टाकून त्यात झोपतात. पत्रा अंगावर पडला तरी माणूस मरत नाही, असा साधा हिशेब. मी लांब येरमाळ्याकडचा. मला सुरुवातीला याचं हसू यायचं.

बाई मराठी शिकवायच्या. उंच, काटक, भरभर चालणाऱ्या. कुठल्याही खोलीत शिरल्या की माणसांकडं बघायच्या आधी वर छताकडं बघत. बसत ते दाराजवळ, आणि दार लागू नये म्हणून त्यात अर्धी वीट सरकवून ठेवत. घरी फळीवर स्टीलचे पेले एकावर एक रचलेले असत. जमीन जरा हलली तरी ते आधी वाजतात. मांजरानं एकदा ती उतरंड पाडली तेव्हा बाई, त्यांचे मालक आणि शेजारची दोन घरं रस्त्यावर आली होती म्हणे. हे सांगताना बाईसुद्धा हसत. पण पेले त्यांनी परत रचले होते.

गंमत अशी की आमच्या शाळेत अलंकार शिकवावेत ते बिराजदार बाईंनीच. एकदा त्यांनी सातवीच्या वर्गाला उपमेची उदाहरणं विचारली. मी नेमका खडू मागायला दारात गेलो होतो. मुक्ता नावाची एक चुणचुणीत मुलगी उठली आणि म्हणाली, "सरांचं डोकं घासलेल्या तांब्यावानी हाय." बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मलाही हसावं लागलं, कारण उदाहरणात चूक काढायला जागा नव्हती. मग तास संपताना त्यांनी खडू खाली ठेवला आणि आवाज बदलला. "आता वह्या मिटा. ह्ये कवितेत लई गोड. पण मोठी माणसं असं बोलून काय ठरवाय लागली, की त्येंना इचारायचं. कशासारखं हाय ते नका सांगू, काय हाय ते सांगा."

मुलं घरी जाऊन खरंच विचारायची. मुक्ताचा बाप दारावर आलेल्या पाहुण्याला म्हणाला होता, पोरगी म्हणजे पाखरू, आज आपल्या झाडावर, उद्या दुसऱ्याच्या. मुक्तानं भर बैठकीत त्याला बाईंचं ते वाक्य ऐकवलं. बापानं पारावर बसून ही गोष्ट रंगवून सांगितली. लोक हसले. बाईंची अशी थट्टा गावात सतत चालायची, आणि त्यात मीही होतो. घाबरट माणसाची थट्टा करताना आपल्याला आपण शूर वाटतो.

माझं थट्टा करणं थांबलं ते एका दुपारी. त्या भागात जमिनीतून अधूनमधून आवाज येतात. मी ऐकून होतो, अनुभव नव्हता. लांब कुठंतरी सुरुंग उडवावा तसा एक दणका झाला, खिडक्या थरथरल्या, आणि मग काहीच नाही. मी कसा बाहेर आलो ते मला आठवत नाही. हातात डस्टर तसंच होतं. बाई माझ्या आधी बाहेर आल्या होत्या. मुलं मैदानात मोजून झाल्यावर आम्ही लिंबाखाली टेकलो, आणि तिथं त्यांनी मला ते सांगितलं. त्याबद्दल पुन्हा कधी त्या बोलल्या नाहीत.

"जुन्या गावात आमच्या वडलांना लई मान होता, सर. तवा असंच आवाज व्हायला लागले. लोक भ्याले. रानात झोपाय लागले. वडील म्हणाले, अरे, भुई कूस बदलतीया. दमलेली हाय, झोपंत कूस बदलतीया. तिला काय भ्यायचं? लोकास्नी पटलं. मी ल्हान होते, मलाबी पटलं. लई बरं वाटलं वो ते ऐकून. लोक परत घरात झोपाय गेले."

बाईंनी मैदानातली पोरं नजरेनं पुन्हा एकदा मोजली.

"मी मामाकडं उमरग्याला होते. आई, वडील आन् धाकटा भाऊ घरात होते. दगडाचं घर होतं. वडील खोटं बोलले न्हाईत, सर. चांगलं बोलले. चांगलं बोलले म्हणून तर लोकांनी ऐकलं."

बरं वाटावं असं काहीतरी माझ्या जिभेवर आलं होतं, तेच नेमकं त्यांना नको होतं. ते मी गिळलं. त्या दिवसापासून मीही खोलीत शिरताना वर बघायला लागलो, ती सवय अजून गेलेली नाही.

बाईंचे मालक इरप्पा. लोहारा रस्त्यावर त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. त्यांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून सोलापूरला नेलं. डॉक्टर भला माणूस; पेशंटला कळावं म्हणून म्हणाला, "हृदय म्हणजे मोटरच समजा. जरा गरम व्हायला लागलीय." झालं. इरप्पांचा जीव भांड्यात पडला. जळालेली मोटार भरून देणं हा तर त्यांचा रोजचा धंदा. ते म्हणाले, सीझन होऊ द्या, मग सवडीनं बघू. बाई त्यांना बाकावर बसवून एकट्याच परत केबिनमध्ये शिरल्या. "डॉक्टर, मोटारीचं ऱ्हाऊ द्या. ऑपरेशन न्हाई केलं तर काय व्हईल, ते त्येंच्या तोंडावर सांगा." डॉक्टरनं सांगितलं. इरप्पा ही गोष्ट सांगताना अजून कपाळ पुसतात. "मला घाम फुटला. पर त्याच आठवड्यात छाती उघडून घेतली. आमची बाई तोडून बोलती, पर मी हाय तो तिच्यामुळं."

तर अशा या बाई. आणि मग मुक्ता सातवीत होती त्याच वर्षी, पावसाळा सरता सरता, मोठ्या इमारतीतल्या सातवीच्या वर्गात छताचा एक पोपडा बाकावर पडला. मधली सुट्टी होती, बाक रिकामा होता. वर गंजलेल्या सळया दिसायला लागल्या. कोपऱ्यातल्या खांबाला उभी चीर गेलेली होती, ती आम्ही सगळे रोज बघत होतो आणि रोज बघतो म्हणून दिसत नव्हती. माझा वर्ग पलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांत भरायचा. मोठी पोरं त्या इमारतीत बसायची.

इंजिनिअर आले. तरुण, नम्र. त्यांनी हातोडीनं ठोकून पाहिलं, आणि व्हरांड्यात सभा बसली. ते म्हणाले, "इमारतीचं वय झालंय. म्हाताऱ्या माणसाचं दुखतं-खुपतं, तसंच आहे हे. मलमपट्टी केली की अजून बरीच वर्षं काढील." सगळ्यांचे चेहरे सैल झाले. सरपंचांचे तर डोळे भरून आले. त्यांच्या वडलांनी या बांधकामावर पाणी मारलं होतं. "म्हाताऱ्या माणसाला कुणी घराभाईर काढतंय का?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्या माणसाबद्दल बोलावं तसं सगळे त्या स्लॅबबद्दल बोलायला लागले.

बाई उठल्या. "साहेब, म्हातारं माणूस पडलं तर एकटंच पडतं. हिच्या खाली आमची पोरं बसत्यात. पडंल का न्हाई, एवढं सांगा."

"असं ठाम नाही सांगता येत, बाई. नीट तपासणी करावी लागेल. त्याला वेळ लागतो."

"मग तवर पोरं भाईर बसवा."

एक पालक उठून उभा राहिला. मुक्ताचाच बाप. तो रागानं बोलला नाही, समजुतीनं बोलला, आणि तेच वाईट होतं. "बाई, तुमचं दुःख आमाला ठावं हाय. पर त्येच्यापायी आमच्या लेकरांस्नी भ्या घालू नका."

बाई खाली बसल्या. ठराव झाला: मलमपट्टी करावी. हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. सिमेंट आलं, चीर लिंपली, वर पिवळा रंग दिला. चीर दिसेनाशी झाली याचा बाईंना आणखीनच धसका बसला. आधी निदान ती किती वाढली ते बघता येत होतं.

त्यानंतरचे दिवस मला नको वाटतात आठवायला. बाईंनी सगळे बाक दाराकडं ओढून घेतले. फळा मागं राहिला, मुलं पुढं, आणि बाई उंबऱ्यात उभं राहून शिकवायच्या. शिकवता शिकवता मध्येच थांबायच्या, कान द्यायच्या. मुलंही थांबायची. तीस-चाळीस लेकरं श्वास धरून जमिनीचा कानोसा घेतायत, हे मी खिडकीतून पाहिलंय. मला माझ्या पत्र्याखाली थंडी वाजायची. मुख्याध्यापक म्हणाले, बाई अती करतायत. मला ते पटत होतं, आणि तरीही माझी स्वतःची मुलगी त्या वर्गात असती तर मी तिला शाळेत पाठवलं नसतं, हेही मला माहीत होतं.

एके सकाळी पुन्हा आवाज झाला, आधीपेक्षा मोठा. मुलं एकदम दाराकडं धावली. चेंगराचेंगरीत कुणाचं कोपर फुटलं, कुणाचा गुडघा, मुक्ताच्या कपाळाला खोक पडली. इमारत उभीच होती. संध्याकाळी गाव जमलं. सरपंच लोकांना धीर द्यायला म्हणाले, "काही न्हाई, म्हाताऱ्याला जरा ठसका लागला." दोघंतिघं हसलेसुद्धा.

तेव्हा बाई उठल्या आणि ओरडल्या, "म्हातारं न्हाई ते! मढं हाय! मढ्यापाशी पोरं बसवलीत तुमी!"

आणि लगेच त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मी शेजारीच होतो. त्यांचे डोळे मला दिसले.

मग मागच्या बाजूच्या बायका उठायला लागल्या. मढं म्हटल्यावर पुढचं काय ते आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. ते घरात ठेवत नाहीत, त्याच्यापाशी लेकरं ठेवत नाहीत, आणि वाट बघत बसत नाहीत. जे लोक काल मलमपट्टी म्हणत होते तेच आता म्हणायला लागले, उद्याच्या उद्या पाडा. बाई सांगत होत्या, "आधी तपासणी करू. दोन शेडं तरी उभी ऱ्हाऊ द्यात. पोरं बसतील कुठं?" कुणी ऐकेना. सरपंच त्यांच्यापुढं हात जोडून म्हणाले, "बाई, तुमीच डोळं उघडलं आमचं. आता आडवू नका." परवानगीचं काय, नवी इमारत कधी, कोण देणार, हे विचारायला कुणाला उसंत नव्हती. परवानगी नंतर कशीबशी आणली.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. गाव लांब उभं राहून बघत होतं. बाई सगळ्यांच्या पुढं. पहिला दणका बसला, भिंत गेली, पण खांब हलला नाही. दुसरा, तिसरा. ऑपरेटर खाली उतरला, गमछ्यानं तोंड पुसलं आणि कौतुकानं म्हणाला, "लई मजबूत माल हाय वो. कोण म्हनलं पडतीया?" पिवळा रंग उडाला होता आणि चीर उघडी पडली होती, तरी खांब उभा. मी बाईंकडं बघितलं. इमारती पडतील म्हणून त्या आयुष्यभर भ्याल्या. त्या दिवशी एक इमारत पडत नाही म्हणून त्यांचा चेहरा पांढराफटक पडत चालला होता. दिवस मावळायच्या सुमाराला स्लॅब एकदाचा खाली आला. धूळ बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "सर, पडली असती का वो ती?"

ते आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.

लहान वर्ग माझ्या पत्र्याच्या खोल्यांत दोन पाळ्यांत बसायला लागले. मोठे वर्ग ओढ्यापलीकडच्या गावातल्या शाळेला जोडले. मुलगे सायकलवर जायला लागले. मुली थोडे दिवस गेल्या, मग ओढ्याला पाणी आलं, मग कापणी आली, मग त्या गेल्याच नाहीत. बाई घरोघरी फिरल्या. मुक्ताच्या बापानं त्यांना पाट दिला, चहा दिला, आणि पाया पडला. "बाई, तुमच्यामुळं पोरगी जित्ती हाय माझी. आता तिला कुठं धाडत न्हाई. ऱ्हाऊ द्या डोळ्याम्होरं." भीती बाईंनीच त्याच्या घरात नेऊन ठेवली होती आणि ती आता उठायला तयार नव्हती.

त्या वर्षी बाईंनी अलंकाराचा धडा माझ्याकडं दिला. मी काय दिवे लावले असतील ते सांगत नाही. त्या बोलायच्याही कमी झाल्या. कुणी काही विचारलं तर एक शब्द तोंडात घेऊन थांबायच्या, दुसरा घ्यायच्या, मग गप्प बसायच्या. नवी इमारत यायला पुष्कळ काळ गेला. तोवर मुक्ताच्या वयाच्या मुली घरकामाला सरावल्या होत्या. मुक्ताचं वय पुरं झालं तसं लग्न लागलं. मी मांडवात होतो. बाई खांबाला टेकून उभ्या होत्या आणि सगळ्यांनी अक्षता टाकल्या तरी त्यांची मूठ मिटलेलीच होती.

पुढं माझी बदली कळंब तालुक्यात झाली आणि गाठीभेटी राहिल्या.

यंदा पुतण्याला दहावीच्या पेपराला सोडायला लोहाऱ्याला गेलो होतो. केंद्राबाहेर पालकांची गर्दी झाडाखाली सावली धरून बसली होती. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. आणि त्या उन्हात, रस्त्याच्या कडेला, बिराजदार बाई उभ्या होत्या. केस बरेच पांढरे झालेले. कडेवर एक तान्हं मूल झोपलेलं, आणि शेजारी इरप्पा त्या मुलावर छत्री धरून उभे.

"मुक्ताचं हाय," इरप्पा म्हणाले. "आत पेपर देतीया. भाईरून दहावीला बसवली. बाईनं तिच्या सासूचं पाय धरलं, नवऱ्याला समजावलं, रोज संध्याकाळी जाऊन शिकवलं. पेपर हाय तवर लेकरू आमच्याकडं."

मी बाईंना नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडं बघितलं नाही. त्या कुठं बघतायत ते मी पाहिलं. सावलीतून ती खिडकी दिसत नव्हती, म्हणून त्या उन्हात उभ्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरची खोली, रांगेत वाकलेल्या माना, आणि त्यांच्यावर स्लॅब. बाईंची नजर त्या स्लॅबवरून हलत नव्हती. एका हातानं त्या मुलाची पाठ थोपटत होत्या.

"बाई, सावलीत चला," मी म्हणालो. "चहा घेऊ."

"घेऊ की, सर," त्या वर बघतच म्हणाल्या. "तिला भाईर येऊ द्या."